फ्लॉवर लिंबाएवढाच का राहिला? प्रश्न खताचा नाही, तारखेचा आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तळमजल्यावर घर आहे. मागे बारा बाय आठ फुटांचा मातीचा तुकडा आणि थोड्या ग्रो-बॅगा आहेत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नर्सरीतून फ्लॉवर आणि कोबीची रोपं आणून लावली. गाजराची रोपं घरीच ट्रेमध्ये केली आणि तीही जमिनीत लावली. मटार पेरला, स्वयंपाकघरातले धने रगडून पेरले. आता जानेवारी संपत आलाय. फ्लॉवरचे गड्डे लिंबाएवढे होऊन तिथेच थांबलेत, गाजरांना दोन-दोन तीन-तीन पाय फुटलेत, कोथिंबीर महिनाभरातच फुलावर गेली आणि मटारच्या वेलांवर पांढरी भुकटी चढून पानं वाळायला लागलीत. कोबी तेवढा बरा आहे. आणि तुमचा सवाल: कुठलं खत कमी पडलं?

खत कमी पडलं असावं असं मला वाटत नाही. त्याच मातीत कोबी नीट गड्डा धरतोय, म्हणजे जमिनीत उपासमार नाही. चार भाज्यांच्या तक्रारी चार वेगळ्या कारणांच्या आहेत, पण त्यातली मोठी गोष्ट एकच: थंडीची भाजी म्हणजे थंडी पडल्यावर लावायची भाजी, हा समज. तो जवळजवळ सगळ्यांचाच असतो. मी रोपवाटिका चालवते. दरवर्षी स्वेटर बाहेर निघाले की लोक फ्लॉवरची रोपं मागायला येतात, आणि तोवर ती लावायची वेळ टळून गेलेली असते. बी उगवायला ऊब लागते, रोपाला पानं वाढवायलाही ऊब चालते. थंडी हवी असते ती शेवटच्या टप्प्यात, गड्डा धरताना, मुळी भरताना, शेंगा लागताना. म्हणजे थंडी येईल तेव्हा झाड तयार होऊन तिची वाट बघत उभं असलं पाहिजे.

आता जिथे मला अंदाजावर जावं लागतंय ते आधी सांगते. तुम्ही आणलेला फ्लॉवर कोणत्या वाणाचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बहुधा नर्सरीवाल्यानेही सांगितलं नसेल. तुमच्या तुकड्यावर डिसेंबरात किती तास ऊन होतं तेही लिहिलेलं नाही. आणि पुण्यातसुद्धा पाषाणच्या बाजूची थंडी वेगळी, गच्च वस्तीतल्या पेठेतली वेगळी. त्यामुळे खालच्या तारखांना आठवडा-दहा दिवस इकडेतिकडे होईल. तारखांमागचं गणित मात्र नीट समजून घ्या.

पुण्याच्या थंडीचा आपण उगाच फार बोलबाला करतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, क्वचित त्याही खाली. पण दुपारी तो २९-३० वर असतो. म्हणजे दिवसरात्रीची सरासरी निघते २० अंशांच्या आसपास. फेब्रुवारीत दुपार ३२-३३ वर जाते आणि मार्चमध्ये ३५ च्या पुढे. झाडाला ही सरासरी कळते. आपल्याला पहाटे हुडहुडी भरली म्हणून त्याला थंडी मिळाली असं होत नाही. यातून दोन गोष्टी निघतात. एक, आपल्याकडे खऱ्या अर्थाने थंड असे दिवस जेमतेम दोन-अडीच महिने आहेत. दोन, दिल्ली-पंजाबकडे चालणारा प्रत्येक वाण इथे चालेलच असं नाही.

हे सगळ्यात जास्त लागू पडतं फ्लॉवरला. फ्लॉवरचे वाण गड्डा धरण्याच्या तापमानावरून गटांत विभागलेले आहेत. लवकरच्या गटाला साधारण २० ते २७ अंश सरासरी चालते. मधल्या हंगामातल्या अलीकडच्या गटाला १६ ते २०, पलीकडच्या गटाला १२ ते १६ आणि उशिराच्या स्नोबॉल गटाला १० ते १६. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘पुसा’चे वाण घेतले तर पुसा दीपाली लवकरच्या गटातला, पुसा शरद मधल्यातला आणि पुसा स्नोबॉल उशिराचा. स्नोबॉलचं बी तयार करायलाही हिमाचलात कुलू खोऱ्यात जावं लागतं, कारण त्याला फुलावर यायला तितकी थंडी लागते. आता पुण्याची २० अंशांची सरासरी या आकड्यांवर ठेवून बघा. आपल्याला शोभतो तो मधला अलीकडचा गट, नाहीतर लवकरचा. मुंबईत जानेवारीतही सरासरी २४ च्या आसपास राहते, म्हणून तिथल्या बाल्कनीत लवकरच्या गटाशिवाय दुसऱ्या कशाच्या नादी लागू नये. नाशिक, निफाडकडची मंडळी आणखी थंड गटाचा विचार करू शकतात.

मग तुमच्या फ्लॉवरचं काय झालं? माझा अंदाज असा. नर्सरीत दिवाळीच्या सुमारास राहिलेली रोपं ही बहुतेक वेळा लवकरच्या वाणाची, सप्टेंबर-ऑक्टोबरात न खपलेली असतात. लवकरच्या वाणाचं बालपण छोटं असतं. थोडी पानं आली आणि गारवा लागला की ते लगेच गड्ड्याच्या तयारीला लागतं. तुम्ही ते नोव्हेंबरच्या शेवटाकडे लावलंत, मुळं धरतायत तोवर डिसेंबरची थंडी आली आणि आठ-दहा पानांच्या रोपाने गड्डा धरला. गड्डा पोसायला पानं हवीत, ती नव्हतीच. त्यातून रोप छोट्या पिशवीत जास्त दिवस अडकून राहिलेलं असेल तर तेच आणखी लवकर होतं. याला बटनिंग म्हणतात, आणि तो शब्द शेतकऱ्यांच्या तोंडीही आहे. नत्राची कमतरता हेही बटनिंगचं एक कारण असतं, म्हणून लोक युरिया टाकायला धावतात. पण गड्डा एकदा दिसायला लागला की झाडाने रस्ता बदललेला असतो. त्यानंतर तुम्ही जीवामृत घाला, युरिया घाला, शेणाची स्लरी घाला, पानं मागे फिरत नाहीत.

कोबी का वाचला, तेही यातच आहे. कोबीचा गड्डा म्हणजे पानांवर पानं. फ्लॉवरचा गड्डा म्हणजे फुलोऱ्याची सुरुवात. पानं वाढवत राहायला कोबीला कुठला इशारा लागत नाही, फ्लॉवरला लागतो, आणि तो चुकीच्या वयात मिळाला की असं होतं. म्हणूनच घरच्या बागेत पहिल्या वर्षी मी कुणाला फ्लॉवर लावायला सांगत नाही. नवलकोल लावा. व्हाइट व्हिएन्ना किंवा जांभळा व्हिएन्ना, लावल्यापासून दीड-दोन महिन्यांत काढायला येतो, दहा-बारा इंची कुंडीतही होतो, आणि बाजारात मिळतो त्याहून निम्म्या आकाराचा असताना काढलात तर दोरे नसलेला, कच्चा खाण्याजोगा मिळतो. गोल्डन एकर कोबीही असाच गुणी, लावणीपासून ६०-६५ दिवसांचा. त्याच्यामागे फ्लॉवर.

रोपं विकत आणायची असतील तर नर्सरीत काय बघायचं ते सांगते. स्वतः रोपं विकत असूनही सांगते. रोपाची उंची बघून भुलू नका. लोक नेमकं सगळ्यात उंच, दांडगं रोप उचलतात, आणि तेच सगळ्यात म्हातारं असतं. चार-पाच खरी पानं, बोटभर उंची, देठ ताठ पण हिरवा. खोड जांभळट, लाकडासारखं झालं असेल आणि खालची पानं गळून तिथे नुसते व्रण उरले असतील, तर ते रोप वेळ संपल्यावरही ट्रेमध्ये बसून राहिलेलं आहे. मग ट्रेचा खाच खालून दाबून रोप अलगद बाहेर काढायला सांगा. मुळं पांढरी आणि कोकोपीटच्या कडेपर्यंत नुकतीच पोचलेली दिसली पाहिजेत. तपकिरी होऊन तळाशी गोल गोल गुंडाळलेली दिसली तर फुकट दिलं तरी घेऊ नका. एखादा नर्सरीवाला रोप काढून दाखवायला तयारच नसेल, तर तेही एक उत्तरच आहे. आणि वाणाचं नाव माहीत नसलं तरी एक प्रश्न जरूर विचारा: हा फ्लॉवर कोणत्या महिन्यात काढायला येणारा आहे? ‘कधीही लावा’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

आता तारखा. आपल्याकडे सगळं दिवाळीवर मोजायची सवय आहे, आणि बागेत नेमकी तीच गोची करते. २०२३ साली अधिक श्रावण आला, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला झालं. २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला झालं. तीन आठवड्यांचा फरक! ‘दिवाळीनंतर लावा’ हा सल्ला एका वर्षी बरोबर आणि दुसऱ्या वर्षी पार चुकीचा ठरतो, आणि फ्लॉवरसारख्या पिकात तीन आठवडे म्हणजे सगळा हंगामच. म्हणून सण धरायचाच तर तारीख न हलणारा धरा. मी भोगी धरते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीच्या आसपास, बहुतेक थंडीच्या भाज्या काढणीला आलेल्या असाव्यात असं ठरवायचं आणि उलटं मोजायचं.

मधल्या गटाचा फ्लॉवर लावणीपासून अडीच ते तीन महिन्यांचा. म्हणजे लावणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. रोप तयार व्हायला चार ते पाच आठवडे. म्हणजे बी टाकायचं सप्टेंबरच्या सुरुवातीला, बहुतेक वर्षी गणपतीच्या आसपास. त्या वेळी पुण्यात पाऊस असतो, कोणाच्या डोक्यातही थंडीची भाजी नसते, म्हणूनच ही वेळ हुकते. कोबी आणि नवलकोलाला थोडी मोकळीक आहे, त्यांचं बी ऑक्टोबर अखेरपर्यंत टाकलं तरी निभतं. लाल गाजराला पेरल्यापासून ८५-९० दिवस लागतात, म्हणून ते ऑक्टोबरच्या मध्याच्या आत जमिनीत गेलेलं हवं. नारंगी नॅन्टिसला गारवा अधिक मानवतो, ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालेल. मटार ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबरात टोचायच्या, लसणाचे गड्डे मार्चमध्ये निघतील. पण घरच्या वापराला मी म्हणेन की गड्ड्याची वाट बघू नका, पात कापून खा, तिची चव बाजारात विकत मिळत नाही. मेथी, पालक, मुळा यांना तारीख नसते. त्या सप्टेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत थोड्या थोड्या पेरत राहायच्या.

सप्टेंबरातली रोपं सांभाळणं हे मात्र थोडं जिकिरीचं काम आहे. पावसाच्या सरीने ट्रेमधलं बी उसळून बाहेर येतं आणि सततच्या ओलीने रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडतात. ट्रे छपराच्या कडेला किंवा पारदर्शक प्लास्टिकखाली ठेवा, पण बाजूने वारा खेळू द्या. पाणी सकाळीच द्या, संध्याकाळी पान कोरडं राहिलं पाहिजे. कोकोपीटमध्ये निम्मं गांडूळखत आणि किलोमागे चमचाभर ट्रायकोडर्मा (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) पावडर, एवढं पुरे होतं. लावणीच्या आठवडाभर आधी पाणी थोडं कमी करून रोपं थेट उन्हात काढा, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात माना टाकणार नाहीत. लावणी संध्याकाळी करायची, लगेच पाणी द्यायचं आणि तीन-चार दिवसांनी आंबवणीचं, म्हणजे दुसरं हलकं पाणी. त्यानंतर वाफसा बघून, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाली की. घरच्या बागांमध्ये या काळात पाण्यावाचून मरणाऱ्या रोपांपेक्षा पाण्याने मरणारी रोपं जास्त असतात.

गाजराकडे येऊ. गाजर ट्रेमध्ये करून लावायचं नसतं, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर तुमची निम्मी गाजरं सरळ आली असती. बी उगवल्यावर सगळ्यात आधी खाली जाणारी जी दोऱ्यासारखी मुळी असते, तिचंच पुढे गाजर होतं. रोप उपटताना तिचं टोक तुटलं किंवा लावताना दुमडलं, की झाड बाजूच्या मुळांना मोठं करतं आणि पाय फुटतात. मुळ्यालाही हाच नियम. बीट मात्र लावणी सहन करतं. बीटाचं एक ‘बी’ म्हणजे खरं तर दोन-चार बियांची गाठ असते, त्यामुळे एका जागी झुबका उगवतो. त्यातली जादा रोपं काढून दुसरीकडे लावली तर लागतात.

पाय फुटायची आणखी दोन कारणं आहेत, आणि तुमच्याकडे दोन्ही असू शकतात. इमारतीच्या मागच्या मातीत अर्धा फूट खाली बहुधा बांधकामाचा राडारोडा असतो: विटांचे तुकडे, सिमेंटचे खडे. मुळीला खडा लागला की ती फाटा घेते. दुसरं, कच्चं शेणखत. फ्लॉवर-कोबीला चौरस फुटाला तीन-चारशे ग्रॅम चांगलं कुजलेलं खत द्या, पण गाजराच्या वाफ्यात त्या हंगामात नवं शेणखत घालूच नका. आधीच्या पिकाला घातलेल्या खतावर गाजर सुखाने येतं. माती फूटभर खोल खणून, चाळून घेता येत नसेल तर सरळ फूटभर खोलीच्या ग्रो-बॅगेत गाजर लावा आणि जमीन कोबीला द्या.

गाजराचं बी उगवायला आठ ते पंधरा दिवस घेतं, आणि तेवढे दिवस वरची माती एकदाही वाळून कडक होता कामा नये. तिथेच बहुतेकांची गाजरं फसतात, मग दोष बियाण्याला जातो. अर्धा इंच खोल ओळीत पेरा, वर चाळलेलं गांडूळखत भुरभुरवा, ओलं गोणपाट अंथरा आणि रोज त्यावरच झारीने पाणी शिंपडा. पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी गोणपाट उचला. एक दिवस उशीर झाला तर कोंब विणीत अडकून त्याच्याबरोबर उपटून येतात. गाजराच्या ओळीत अधूनमधून मुळ्याचं बी टाकलं तर तो चार दिवसांत उगवून ओळ दाखवतो. पुसा चेतकीसारखा मुळा ४०-४५ दिवसांत काढूनही होतो, तोवर गाजराला जागा लागायला लागलेली असते. आणि विरळणी करा. दोन इंचांवर एक रोप. उगवलेलं रोप उपटून टाकायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, पण दाटीतल्या गाजराची शेवटी मुळीच भरत नाही, सगळा पाला होतो.

मटारवर आलेली पांढरी भुकटी म्हणजे भुरी. दिवसा कोरडं ऊन आणि पहाटे दव, अशी हवा तिला फार मानवते, म्हणून जानेवारीत ती येतेच येते. पहिला ठिपका दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गारव्यात फवारलं तर ती आटोक्यात राहते. वेल अर्धे वाळल्यावर काही उपयोग नाही. खरा उपाय पुन्हा तारखेचाच: अर्केलसारखा लवकर येणारा वाण ऑक्टोबर अखेरीला पेरला तर दोन महिन्यांत शेंगा तोडून होतात आणि भुरी येते तेव्हा घ्यायचं ते घेऊन झालेलं असतं. पण तुमच्याएवढ्या जागेत मटाराचा मला एकूणच फार उत्साह नाही. एका घराच्या एका वेळच्या उसळीला शंभराच्या आसपास झाडं लागतील. पोरांना वेलावरून तोडून खायला चार फूट ओळ लावा, भाजीसाठी बाजार आहेच. (पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात येतो ना, तेही याच गणिताचं उदाहरण. त्या माळावर श्रावणातली हवा वाटाण्याला पुरेशी गार असते. पीक पंचांग बघत नाही, हवा बघतं.)

कोथिंबिरीचं कारण साधं आहे. किराणा दुकानातले धने हे धन्यासाठी पिकवलेल्या वाणांचे असतात, आणि त्या वाणांचा कल लवकर फुलून दाणा धरण्याकडे असतो. पाल्यासाठी वेगळे वाण मिळतात, ते उशिरा फुलतात. शिवाय दाट पेरणी आणि एखाद-दोन वेळा पडलेला पाण्याचा ताण, यानेही ती फुलावर जाते. धने रगडून दोन फाकी करून पेरलेत ते चांगलंच केलंत. आता एकदम सगळं न पेरता दर पंधरा दिवसांनी हातभर जागेत पेरा. मेथीला मात्र डब्यातले दाणे बिनदिक्कत चालतात. महिन्याभरात तर ती उपटायचीच असते. ग्रो-बॅगेत वाळू पसरून दाट पेरली आणि बोटभर असतानाच उपटली की मुंबईकर जिला समुद्रमेथी म्हणतात ती तयार.

तुम्ही विचारलेलं नाही, पण कोबी नीट आलाय म्हणजे पुढचा पाहुणा ठरलेला आहे. रोज सकाळी पानं उलटून बघा. पानावर छोट्या छोट्या खिडक्या दिसल्या, म्हणजे हिरवा भाग खाल्लेला पण वरचा पातळ पापुद्रा काचेसारखा शिल्लक, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. ती सेंटिमीटरभर लांब, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती असते. काडीने डिवचली तर तडफडत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळत खाली उतरते. एवढं बघितलंत की ओळख पटली. दहा-वीस झाडं असतील तर हाताने वेचणं पुरतं. जास्त झाली तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून गाळलेला, थोडा साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून मारा. पुढच्या वर्षी कोबीच्या कडेने मोहरीची एक ओळ आधी पेरून ठेवा. हा पतंग अंडी घालायला कोबीपेक्षा मोहरी पसंत करतो, मग अळ्या तिथेच मारता येतात. आभाळ भरून आलं की मावा, म्हणजे पानांमागे चिकटून रस शोषणारे बारीक किडेही येतील. त्याला पहिल्यांदा नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा द्या, औषधाची वेळ बऱ्याचदा येत नाही.

उन्हाबद्दल सांगायचं राहिलं, आणि ते तुमच्या बाबतीत महत्त्वाचं असू शकतं. मे महिन्यात सूर्य पुण्यात बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा मागच्या अंगणातही ऊन असतं आणि जागा छान वाटते. २२ डिसेंबरला भर दुपारी तो दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून फक्त ४८ अंशांवर असतो. तीस फूट उंच इमारतीची सावली त्या वेळी उत्तरेला सत्तावीस फूट पडते, तीही दुपारी बारा-साडेबाराला. सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. तुमचा तुकडा इमारतीच्या उत्तरेला असेल तर थंडीच्या पूर्ण हंगामात त्याला थेट ऊन जवळजवळ मिळतच नाही. फ्लॉवर, कोबी, गाजर यांना सहा तास ऊन लागतं, त्याला इलाज नाही. पालक, मेथी, कोथिंबीर, लसणाची पात तीन-चार तासांवर भागवतात. तेव्हा याच आठवड्यात एका रविवारी तासातासाला बाहेर जाऊन ऊन कुठपर्यंत येतं ते खडूने आखून ठेवा. सूर्य आता उत्तरेकडे सरकायला लागलाय, डिसेंबरात ऊन याहूनही कमी होतं एवढं लक्षात ठेवून. ऊन पुरत नसेल तर जमिनीत पालेभाज्या आणि उन्हाच्या बाजूला सरकवलेल्या ग्रो-बॅगांत फ्लॉवर-कोबी-गाजर अशी अदलाबदल करावी लागेल. फ्लॉवरच्या एका झाडाला पंधरा-वीस लिटरची बॅग लागते. हे ऐकल्यावर बरेच जण फ्लॉवरचा नाद सोडतात, आणि त्यात काही वाईट नाही.

सध्या काय करायचं? लिंबाएवढे फ्लॉवर काढून घ्या, ते मोठे होणार नाहीत, ठेवलेत तर मोकळे होऊन रवाळ पडतील. कोवळी पानंही टाकू नका, देठं काढून डाळ घालून भाजी होते. वाकडी गाजरं चवीला तशीच असतात, किसणीला आकार कळत नाही. मटार उपटा, भुरीचा पाला कंपोस्टात न टाकता बाहेर काढा. मोकळ्या जागेत लगेच मेथी, पालक आणि पुसा चेतकी मुळा पेरा, फेब्रुवारी अखेर-मार्चपर्यंत खाऊन होतील. कोबीच्या गड्ड्यांना हात लावून बघत राहा. घट्ट लागला की काढाच, आता दिवस तापायला लागले की तडकतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून कोबीची जमीन भेंडी-गवारीला द्या.

बियाण्याचं तेवढं आत्ता करू नका. पुढच्या हंगामाचं म्हणून आज स्वस्तात मिळालेलं बी सप्टेंबरपर्यंत घरातल्या उन्हाळ्यात कमजोर होऊ शकतं, कांद्याचं तर सगळ्यात आधी. ऑगस्टमध्ये घ्या, आणि पाकिटावरची उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वैधतेची तारीख बघूनच घ्या. फ्लॉवरच्या पाकिटावर वाणाचं किंवा संकराचं नाव आणि लावणीचा काळ छापलेला असतो, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर दिसला पाहिजे. आणि बी गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर त्याला औषध लावलेलं आहे. हात धुवा, आणि तेच बी मोड आणायला किंवा मायक्रोग्रीन करायला वापरू नका.